‘सर्व ब्राउझरमध्ये हुबेहूब’ ही अट निविदेतून काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगरपरिषद असो, महाविद्यालय असो की पतसंस्था, वेबसाइट करून घेताना निविदेत किंवा करारनाम्यात एक अट हमखास आढळते: ‘वेबसाइट सर्व ब्राउझरमध्ये व सर्व उपकरणांवर हुबेहूब सारखी दिसली पाहिजे.’ अट घालणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पैसे मोजले आहेत तर काम चोख व्हावे, एवढेच त्याला म्हणायचे असते. पण ही अट कोणालाच पाळता येत नाही, आणि ती पाळल्यासारखे दाखवण्यासाठी ज्या खटपटी होतात त्यांचा भुर्दंड वाचकाला बसतो. मराठी वाचकाला तो जास्तच बसतो, कारण देवनागरीची घडणच तशी आहे. वेबपाने घडवणे हेच रोजचे काम असलेले आम्ही काही जण हे सविस्तर लिहीत आहोत, कारण अशा अटी लिहिणारे आणि मंजूर करणारे लोक आपले वृत्तपत्र वाचतात.

आपल्या कचेरीत पान लागले की आठ कॉलमी मथळा कोणत्या शब्दापाशी मोडायचा हे उपसंपादक ठरवतो, आणि तो रत्नागिरीतही तिथेच मोडतो व नांदेडमध्येही तिथेच. कागदाची रुंदी, अक्षराचा आकार, शाई, सगळे छापखान्याच्या हाती. वेबपानाचे तसे नाही. सर्व्हरवरून वाचकाकडे तयार पानाची प्रत जात नाही. जातो तो मजकूर, आणि तो कसा मांडावा याच्या सूचना. मजकूर एचटीएमएलमध्ये असतो, सूचना सीएसएसमध्ये. पान लावण्याचे काम दर वेळी वाचकाच्या यंत्रावर त्याचा ब्राउझर करतो. हजार वाचक आले तर पान हजार वेळा लागते, आणि त्यातल्या एकाने फोन आडवा धरला तर त्याच्यापुरते पुन्हा लागते.

ही उणीव चुकून राहिलेली नाही, ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. होकून विउम ली यांनी ऑक्टोबर 1994 मध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत असताना, सीएसएसचा पहिला मसुदा मांडला. त्यात प्रत्येक सूचनेपुढे टक्केवारी लिहिण्याची सोय होती: मथळा 24 पॉइंट, आग्रह 100 टक्के, उपमथळा 20 पॉइंट, आग्रह 40 टक्के. उरलेल्या 60 टक्क्यांत वाचकाची पसंती चालावी, अशी कल्पना. 17 डिसेंबर 1996 रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून आली तेव्हा टक्केवारी गेली होती, पण तीन पक्ष राहिले: ब्राउझर, वाचक आणि पान घडवणारा. त्या आवृत्तीत पान घडवणाऱ्याने ‘इम्पॉर्टंट’ असा शेरा मारलेली सूचना वाचकाच्या तशाच सूचनेवर मात करत असे. 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम जाणूनबुजून उलटवला गेला, आणि तेव्हापासून अशा पेचात अंतिम शब्द वाचकाचा आहे. ज्याला चाळिशी लागली आहे, ज्याला मोतीबिंदू आहे, ज्याला काळ्यावर पांढरेच वाचता येते, त्याच्यासाठी हे केले आहे. ‘हुबेहूब’ची अट नेमकी याच माणसाच्या विरोधात जाते.

ब्राउझर किती आहेत, याबद्दलही गैरसमज असतो. नावे पुष्कळ असली तरी पान लावणारी प्रमुख इंजिने आज तीनच: क्रोम, एज, ओपेरा आणि सॅमसंग इंटरनेट यांच्या पोटातले ब्लिंक, फायरफॉक्सचे गेको, आणि सफारीचे वेबकिट. ब्लिंक 2013 मध्ये वेबकिटपासूनच वेगळे झाले. आयफोनवर दुसरे इंजिन चालवण्यास ॲपलची बंदी असल्याने तिथला क्रोम आतून वेबकिटच असतो. युरोपीय संघातल्या देशांत 2024 पासून ही अट सैल झाली, आपल्याकडे नाही. म्हणून ‘सहा ब्राउझरमध्ये तपासले’ असा दाखला जोडलेला असतो तेव्हा प्रत्यक्षात दोनच इंजिने तपासलेली असू शकतात. दुसऱ्या टोकाला 2017 मध्ये आलेला जिओफोन. त्याचा पडदा 240 बाय 320 पिक्सेलचा, आणि त्यातल्या कायओएस या प्रणालीचे इंजिन म्हणजे गेकोची 48 वी आवृत्ती. ग्रिड ही आजची सर्रास वापरातली मांडणी फायरफॉक्समध्ये 52 व्या आवृत्तीत, मार्च 2017 मध्ये आली. त्यामुळे ग्रिडवर रचलेले तीन कॉलमचे पान या फोनवर एकाखाली एक असे उतरते. मजकूर सगळा वाचता येतो, दुवे चालतात. करारातल्या अटीप्रमाणे हा दोष ठरतो. आमच्या मते हे पान बरोबर उतरले आहे.

एके काळी ब्राउझरांतले भांडण खरोखर मोठे होते. एक हिशेब पाहा. 960 पिक्सेल रुंदीत तीन कॉलम, प्रत्येकी 320. प्रत्येकात डावी-उजवीकडे 10 पिक्सेल मोकळी जागा आणि 1 पिक्सेलची कडेची रेघ. प्रमाण नियम सांगतो की 320 ही फक्त मजकुराची रुंदी, बाकी वरून मिळवा. म्हणजे कॉलम झाला 342 चा, तीन कॉलम 1026 चे, आणि 960 मध्ये न मावल्याने तिसरा कॉलम धप्पकन खाली. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर 5 मात्र 320 मध्येच सगळे धरत असे, त्यामुळे तिथे तिन्ही कॉलम एका ओळीत बसत. 2001 च्या सहाव्या आवृत्तीत नियम सुधारला, पण पानाच्या डोक्यावर योग्य ‘डॉकटाइप’, म्हणजे पान कोणत्या नियमांनी लिहिले आहे हे सांगणारी ओळ, असेल तरच. त्याच्या आधी एक्सएमएलची एक ओळ आली तरी तो ब्राउझर जुन्या चालीवर जाई. गंमत अशी की मायक्रोसॉफ्टचा जुना हिशेबच माणसाला सोपा होता, आणि आज ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लिहून आपण सगळे तोच मागून घेतो. नवीन पानाची सीएसएस फाइल बहुधा याच ओळीने सुरू होते. इंटरनेट एक्सप्लोरर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला, आणि इंजिना-इंजिनांतला फरक आता इतका कमी झाला आहे की ओपेरा किंवा सॅमसंगसाठी वेगळी सीएसएस लिहिण्याची गरज उरलेली नाही.

थोडे उरलेच आहे. 100 पिक्सेलचे तीन समान भाग करा. फायरफॉक्स पिक्सेलचे 60 भाग करून मोजतो, त्यामुळे तिसरा हिस्सा बिनचूक येतो: 2000 भागिले 60. क्रोम आणि सफारी 64 भाग करतात, तिथे 2133 भाग धरून उरलेला अपूर्णांक टाकून द्यावा लागतो. म्हणून गडद पार्श्वभूमीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या चौकटींच्या टोकाला क्वचित केसाएवढी फट दिसते. विंडोजवर उभी स्क्रोलपट्टी 15 ते 17 पिक्सेल जागा खाते, फोनवर ती मजकुरावर तरंगते. पानाची रुंदी ‘100 व्हीडब्ल्यू’, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, दिली की ब्राउझर पट्टीसकट मोजतो आणि विंडोजवर पान आडवे हलू लागते. ‘100 टक्के’ दिले की नाही हलत. असे बारीकसारीक दोष सुधारता येतात, आणि ते सुधारायलाच हवेत.

पण आज पानाचे रूप बदलते ते मुख्यतः इंजिनामुळे नव्हे. ते बदलते फॉन्टामुळे, पडद्यामुळे आणि वाचकाने केलेल्या सेटिंगमुळे. यातली फॉन्टाची बाजू मराठीसाठी सगळ्यात जड आहे.

पानासोबत वेगळा फॉन्ट पाठवला नाही तर देवनागरी कोणत्या अक्षरात दिसेल हे यंत्र ठरवते. जुन्या विंडोजवर मंगल, विंडोज 8 पासून निर्मला यूआय, अँड्रॉइडवर बहुधा नोटो सॅन्स देवनागरी, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी, अनेक लिनक्स संगणकांवर लोहित. आकाराचा आकडा तोच, म्हणजे 16 पिक्सेल, पण या फॉन्टांतली अक्षरे सारख्या उंचीची नाहीत आणि सारख्या रुंदीचीही नाहीत. एका ठिकाणी ओळीत नऊ शब्द मावतात, दुसरीकडे आठ. मग परिच्छेद एका ओळीने वाढतो, शेजारच्या चौकटीशी तळ जुळत नाही, आणि पाहणारा म्हणतो, ‘ब्राउझरमध्ये गडबड आहे.’ गडबड कुठेच नसते.

दोन ओळींतले अंतरही फॉन्टच ठरवतो. ‘लाइन-हाइट’ सांगितली नाही तर ब्राउझर फॉन्टाच्या आत लिहिलेल्या वरच्या-खालच्या मापांवरून ती काढतो. इंग्रजी नमुन्यावर बेतलेल्या डिझाइनमध्ये मथळ्याची लाइन-हाइट 1.1 दिलेली असते, आणि मथळा लांबला तर टिंबे येऊन तुटावा म्हणून चौकटीबाहेरचे कापण्याची सूचनाही असते. त्यात ‘थकीत कर्जांची पुनर्रचना’ हा मथळा 32 पिक्सेलने ठेवा. ओळीला जागा मिळते 35.2 पिक्सेल. इंग्रजी अक्षरे एवढ्यात आरामात बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, त्यावर अनुस्वार, शेजारी वेलांटीचा बाक, आणि खाली उकार. एका फॉन्टात कसेबसे भागते. दुसऱ्यात ‘कर्जांची’वरचा रफार आणि अनुस्वार छाटला जाऊन ‘कजाची’सारखे काहीतरी उरते, आणि ‘पुनर्रचना’चा उकार तळाशी गायब होतो. डिझाइन मंजूर करणाऱ्याच्या संगणकावर पहिला फॉन्ट असतो, वाचकाच्या फोनवर दुसरा. उपाय साधा आहे: मराठी मजकुराला 1.6 च्या आसपास आणि मथळ्याला किमान 1.4 लाइन-हाइट, ती नुसत्या आकड्यात द्यायची, पिक्सेलमध्ये नाही, आणि जिथे कापण्याची सूचना आहे तिथे वर-खाली अक्षराच्या पंचमांशाएवढी जागा सोडायची. लाइन-हाइट 24 पिक्सेल अशी बांधून टाकली तर आजोबांनी अक्षर मोठे करताच ओळी एकमेकींवर चढतात.

अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजी मथळ्यांची फॅशन मराठीत आणू नये. ‘लेटर-स्पेसिंग’ दिली की शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते आणि शब्द दातेरी दिसतो. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टही फोनवर सोडावा. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, ‘ग्रामपंचायतींसंदर्भातल्या’ एवढा लांब शब्द एकसंध असतो, आणि तो कुठे तोडावा याचे मराठी नियम प्रत्येक ब्राउझरला ठाऊक असतातच असे नाही. मग अरुंद पडद्यावर दोन शब्दांच्या ओळीत मध्ये खिंडार पडते. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हे वाचायला बरे. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौसही जपून करावी. ‘स्त्री’ या शब्दाचे पहिले अक्षर कोणते? आपल्या लेखी अख्खे ‘स्त्री’. पण जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड या सर्व लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीच्या अक्षरगट ठरवण्याच्या पद्धतीत 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. ज्या ब्राउझरमध्ये तो पोचलेला नाही तिथे नुसता ‘स्’ मोठा होतो आणि उरलेला ‘त्री’ शेजारी लहान राहतो.

एक ओळ मात्र प्रत्येक मराठी पानात हवीच आणि ती बहुतेक ठिकाणी नसते: पानाच्या मूळ खुणेत भाषा मराठी असल्याचे सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म, किंमत ‘एमआर’. तयार साचा इंग्रजी असतो, त्यात ‘इएन’ लिहिलेले असते, कोणी बदलत नाही. बदलले, आणि फॉन्टात तशी सोय असली, की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. नाही तर हिंदी वळणाचे. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर कोणत्या आवाजात वाचायचे हेही यावरूनच ठरवतो. खर्च शून्य.

आपला फॉन्ट सोबत पाठवला तर प्रश्न मिटतो का? निम्मा मिटतो. मुक्त, बालू, हिंद, नोटो असे उत्तम फॉन्ट मोफत आहेत. पण देवनागरी फॉन्टात शेकडो जोडाक्षरांच्या आकृत्या असल्याने फाइल इंग्रजी फॉन्टापेक्षा बरीच जड असते, आणि साधा, ठळक, जास्त ठळक असे तीन नमुने घेतले की वजन तिप्पट. फाइल येईपर्यंत क्रोम आणि फायरफॉक्स एरवी तीन सेकंदांपर्यंत मजकूर दाखवतच नाहीत. ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’ लिहिले तर मजकूर लगेच यंत्रावरच्या फॉन्टात दिसतो, आणि नंतर फॉन्ट बदलताना पान हलते. या दोहोंत दुसरे बरे, कारण एसटीत बसून मंद जाळ्यावर वाचणाऱ्याला तीन सेकंद कोरे पान देणे वाईट. ओपेरा मिनीच्या जास्तीत जास्त बचतीच्या मोडमध्ये तर पाठवलेला फॉन्ट वापरलाच जात नाही. म्हणजे यंत्रावरच्या फॉन्टात पान कसे दिसते हे तपासणे चुकत नाही.

रूप मुठीत ठेवण्याचा हट्ट मराठी वेबने एकदा भोगलेला आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस मराठी पाने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या फॉन्टांवर चालत. वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, किंवा इंटरनेट एक्सप्लोररसाठी इओटी आणि नेटस्केपसाठी पीएफआर अशा दोन वेगळ्या फाइली पानासोबत द्याव्या लागत. दिसायला मांडणी चोख, पण आतला मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचरा. फॉन्ट नसला की तोच कचरा वर येई, आणि शोधयंत्राला त्यातला एकही मराठी शब्द सापडत नसे. युनिकोड आल्यावर हे संपायला हवे होते. तरी आजही मथळे आणि सूचना चित्र करून चिकटवल्या जातात, कारण चित्र सगळीकडे सारखेच दिसते. ते मोठे केले की फाटते, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, शोधात येत नाही, आणि 360 पिक्सेलच्या फोनवर त्यातले अक्षर मुंगीएवढे होते. पाणीपुरवठा बंद राहण्याची सूचना अशी चित्रात लावणे म्हणजे ती न लावण्यासारखेच आहे.

आता फोन. पानाच्या डोक्यात ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ नसेल तर फोनचा ब्राउझर पान साधारण 980 पिक्सेल रुंद आहे असे धरून ते आक्रसून दाखवतो. ओळ हवी ती एवढीच: रुंदी यंत्राच्या रुंदीइतकी, आरंभीची पट एक. याच ओळीत ‘वाचकाला झूम करू देऊ नका’ ही सूचना घुसडण्याची खोड फार पसरलेली आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा एका छोट्या गोष्टीत असते. आयफोनवर फॉर्मच्या रकान्यातले अक्षर 16 पिक्सेलपेक्षा लहान असेल तर बोट लावताच सफारी पान मोठे करतो. ‘पान उडते’ अशी तक्रार येते, आणि कंत्राटदार झूमच बंद करून मोकळा होतो. रकान्याचे अक्षर 16 पिक्सेल केले की तक्रार मुळापासून जाते. सफारी 2016 पासून ही बंदी जुमानत नाही. अँड्रॉइडवर ती एरवी लागू होते, आणि दोन बोटांनी अक्षर मोठे करणाऱ्या माणसापुढे दार बंद होते.

उंचीचीही गोष्ट तशीच. ‘100 व्हीएच’ म्हणजे पूर्ण पडदा असे मानून तळाला ‘पुढे जा’चे बटण बसवतात. फोनवर पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते, आणि हे माप पट्टी लपलेली धरून काढलेले असते. पट्टी दिसत असताना बटण पडद्याखाली जाते. 2022 मध्ये सफारी 15.4 आणि क्रोम 108 पासून ‘डीव्हीएच’ हे बदलत्या उंचीचे माप मिळाले. लिहिताना आधीची ओळ जुन्या मापाची आणि लगेच खालची नव्या मापाची ठेवायची. ज्या ब्राउझरला नवे माप कळत नाही तो ती ओळ गुपचूप सोडून देतो आणि वरची पाळतो. न कळलेली सूचना सोडून पुढे जाणे, हा सीएसएसचा पहिल्यापासूनचा नियम आहे. जुन्या फोनला साधे पान आणि नव्याला सजवलेले पान एकाच फाइलीतून देता येते ते यामुळेच. ‘हुबेहूब’ची अट मानली तर ही सोय वापरताच येत नाही, सगळ्यांना सर्वांत जुन्या फोनच्या पंगतीला बसावे लागते, नाही तर जुन्या फोनला पंगतीतून उठवावे लागते.

फॉर्ममधली तारीख निवडण्याची चौकट, यादीतून पर्याय निवडण्याचा रकाना, खूण करण्याचा चौकोन, हे सारे बऱ्याच अंशी ब्राउझर किंवा फोन स्वतः काढतो. त्यांना तसेच राहू द्यावे. स्वतः रंगवलेली तारखेची चौकट दिसते सुरेख, पण कीबोर्डने चालत नाही आणि लहान पडद्यावर अर्धी बाहेर जाते. बटणाला 120 पिक्सेलची बांधील रुंदी देऊ नये. त्यात ‘सबमिट’ मावते, ‘अर्ज दाखल करा’ दोन ओळींत जाते आणि उंचीही बांधलेली असली तर खालची ओळ कापली जाते. रुंदी मोकळी, आत अक्षराच्या मापात जागा, एवढे पुरे. मालमत्ता कराच्या दरांचा सात रकान्यांचा तक्ता फोनवर बसवण्यासाठी अक्षर लहान करू नका. तक्ता त्याच्या स्वतःच्या चौकटीत आडवा सरकू द्या, बाकीचे पान स्थिर राहील.

काही गोष्टी मात्र मिलिमीटरने जुळायलाच हव्यात: प्रवेशपत्र, प्रमाणपत्र, दाखला, पावती. त्यासाठी पीडीएफ आहे. वेबपान छापले तर समास, पाने तुटण्याची जागा आणि डोक्यावरची तारीख ब्राउझरागणिक वेगळी येते, आणि पार्श्वभूमीचा रंग बहुधा छापलाच जात नाही. पीडीएफ करतानाही मजकूर युनिकोडमध्ये आणि फॉन्ट आत बसवलेला हवा, कागद स्कॅन करून चढवलेला नको. आणि जे फक्त वाचायचे आहे त्याची पीडीएफ करू नये. फोनवर दोन बोटांनी डावी-उजवीकडे ओढत नोटीस वाचणे ही शिक्षा आहे.

मग काम नीट झाले की नाही हे कसे ओळखावे? संगणक जाणणारा एक कर्मचारी अर्धा-पाऊण तासात ओळखू शकतो. पाच पाने घ्यावीत: मुखपृष्ठ, सर्वांत लांब मजकुराचे, सर्वांत मोठ्या तक्त्याचे, एक फॉर्म आणि संपर्काचे. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ12 दाबून उघडणाऱ्या साधनात रुंदी अनुक्रमे 320, 360, 768 आणि 1280 पिक्सेल करावी; तक्ता सोडून काहीही आडवे सरकता कामा नये. मग 1280 रुंदीच्या खिडकीत झूम 200 आणि 400 टक्के करावा. 400 ला पान 320 पिक्सेलच्या फोनसारखेच वागले पाहिजे. हे मोजमाप आमचे नाही, 2018 पासून जागतिक सुगम्यता निकषांत आहे. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘फक्त मजकूर मोठा करा’ असा पर्याय आहे, तो लावून पुन्हा 200 टक्के. बांधील उंचीच्या चौकटी इथे लगेच उघड्या पडतात. एफ12 च्या त्याच साधनात पाठवलेल्या फॉन्टाची फाइल अडवून पान परत उघडावे आणि रफार, अनुस्वार, उकार शाबूत आहेत का ते पाहावे. शेवटी खरे फोन: एक स्वस्त अँड्रॉइड, सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठे करून, आणि एक आयफोन. त्यांवर फॉर्म भरून पूर्ण दाखल करावा. नुसता पाहू नये.

बोधचिन्ह, रंग, मथळ्याचे वळण यांवर मालकाचा हक्क आहेच, आणि तो सीएसएसने बऱ्यापैकी जपताही येतो. वाद आहे तो एका शब्दावर. म्हणून निविदा लिहिणाऱ्यांना विनंती, की ‘हुबेहूब’ची ओळ खोडून तिच्या जागी हा मजकूर घ्यावा. कोणाचीही परवानगी लागत नाही:

‘सर्व मजकूर युनिकोड मराठीत असेल व पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल. 320 पिक्सेल रुंदीपासून पुढे व 400 टक्के झूमपर्यंत सर्व मजकूर आडवे न सरकवता वाचता येईल. मोठे तक्ते अपवाद. वाचकाला अक्षर मोठे करण्यास मनाई नसेल. पाठवलेला फॉन्ट न पोचल्यास यंत्रावरील फॉन्टातही कोणतेही अक्षर, मात्रा वा चिन्ह कापले जाणार नाही. ब्लिंक, गेको व वेबकिट या तिन्ही इंजिनांच्या चालू व तिच्या आधीच्या आवृत्तीत सर्व फॉर्म दाखल करता येतील. त्याहून जुन्या ब्राउझरमध्ये मांडणी साधी झाली तरी चालेल, मजकूर व दुवे चालले पाहिजेत. सूचना व नोटिसा चित्ररूपात लावल्या जाणार नाहीत.’

आपले,
वेबपाने घडवण्याचे काम करणारे काही जण, पुणे